इंग्रजीचा वर्ग हाती घेताना: नव्या शिक्षकांसाठी

इंग्रजी ज्यांच्या घरात बोलली जात नाही अशा विद्यार्थ्यांसमोर पहिल्यांदा उभं राहायचं असतं, तेव्हा आपली तयारी बहुतेक वेळा एकाच बाजूची असते. काय सांगायचं, फळ्यावर काय लिहायचं, कोणता नियम आधी घ्यायचा हे सगळं ठरलेलं असतं. विद्यार्थी काय बोलतील आणि ते आपण कसं ऐकणार, हा विचार मात्र राहून गेलेला असतो. नव्या शिक्षकाचं सगळ्यात जास्त अडतं ते इथेच, असं माझं स्पष्ट मत आहे. शिकवलेलं डोक्यात शिरलं की नाही हे चेहऱ्यावरून कळत नाही. विद्यार्थी बोलला किंवा त्याने चार ओळी लिहिल्या, तरच कळतं. खाली सांगितलेल्या बहुतेक पायऱ्या त्याच कामाच्या आहेत: वर्गाला बोलतं करायचं, आणि तो बोलत असताना लक्ष देऊन ऐकायचं.

वर्ग कोणत्या पातळीचा आहे ते आधी पाहा

युरोप परिषदेने २००१ मध्ये भाषाशिक्षणासाठी सहा पातळ्यांची एक चौकट प्रसिद्ध केली: ए१, ए२, बी१, बी२, सी१ आणि सी२. आज बहुतेक पाठ्यपुस्तकांच्या मुखपृष्ठावर यातली एखादी पातळी छापलेली असते. या चौकटीचं बलस्थान असं, की ती व्याकरणाच्या यादीने पातळी ठरवत नाही. माणसाला त्या भाषेत काय करता येतं ते पाहते. ए१ चा विद्यार्थी स्वतःची ओळख करून देतो आणि समोरचा सावकाश बोलला तर साधं संभाषण निभावतो. बी१ चा विद्यार्थी आपला अनुभव सांगतो, आपल्या मताला थोडक्यात कारण देतो.

कागदावरची पातळी आणि समोरचा माणूस यांत मात्र फरक पडतो. वाचनात बी१ असलेला विद्यार्थी बोलताना ए२ ला अडखळतो, हे नेहमीचंच आहे. त्यामुळे पहिल्या तासाला पुस्तक उघडण्याची घाई करू नका. विद्यार्थ्यांच्या जोड्या करा, एकमेकांना पाच प्रश्न विचारायला सांगा आणि मग प्रत्येकाला आपल्या जोडीदाराची ओळख वर्गाला करून द्यायला लावा. तुम्ही वही घेऊन ऐका. कोण पूर्ण वाक्यात बोलतं, कोण सुट्या शब्दांवर भागवतं, कोणाला प्रश्न तयार करता येत नाही, हे पंधरा मिनिटांत कळतं. पुढच्या महिन्याचं नियोजन या टिपणांवरून करा. चाचणीतले गुण एवढं सांगत नाहीत.

पाठटाचण शेवटाकडून लिहा

टाचणाच्या वर एकच वाक्य लिहा: तास संपल्यावर विद्यार्थ्यांना काय करता येईल? ‘भूतकाळ शिकवणे’ हे तुमचं काम झालं. त्यातून विद्यार्थ्याचं काही कळत नाही. ‘गेल्या सुट्टीत काय काय केलं ते जोडीदाराला सहा-सात वाक्यांत सांगता येणे’ असं लिहिलंत की तासाचा शेवट डोळ्यांसमोर येतो. मग मागे मागे या. ही सहा-सात वाक्यं बोलायला कोणती क्रियापदं लागतील? त्यांतली कोणती वर्गाला आधीच येतात? प्रश्न विचारता यायला हवेत का? उरलेलं जे आहे, तेवढंच शिकवायचं. एका तासाला आठ-दहा नवे शब्द पुष्कळ झाले.

टाचणात आणखी दोन गोष्टी हव्यात. एक म्हणजे अडचणींचा अंदाज. जे शिकवायचं त्याच्या अर्थात कुठे घोटाळा होईल, रचनेत कुठे, उच्चारात कुठे, हे तीन रकाने करून घरीच लिहून ठेवा. वर्गात अनपेक्षित प्रश्न येऊन घाम फुटतो तो बहुधा हे तीन रकाने कोरे ठेवल्यामुळे. दुसरी गोष्ट म्हणजे वेळ कमी पडला तर कोणती पायरी गाळायची, त्यावर आधीच खूण करा. नवे शिक्षक नेमकं शेवटचं मोकळं बोलणं गाळतात, कारण ते शेवटी येतं. गाळायचंच तर मधला एखादा लेखी सराव गाळा, तो घरी करता येतो.

पाठाची मांडणी कशी असावी यावर बरेच वाद आहेत. आधी नवी रचना समोर ठेवायची, मग तिचा बांधून दिलेला सराव आणि शेवटी मोकळा वापर, ही जुनी रुळलेली वाट. उलट बाजूने जाणारेही आहेत. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांत जो बंगळूर प्रकल्प राबवला, त्यात व्याकरणाचे पाठ बाजूला ठेवून मुलांना नकाशे, वेळापत्रकं यांवरची कामं दिली जात. लक्ष अर्थावर असलं की रचना आपोआप मुरत जातात, हा त्यामागचा विचार होता. पहिले काही महिने जुन्या वाटेने चला, असंच मी सांगेन, कारण तिथे पुढची पायरी कोणती हे तुम्हाला ठाऊक असतं. वर्गावर हात बसला की आठवड्यातला एक तास उलटा घेऊन पाहा: आधी काम द्या, विद्यार्थी कुठे अडतात ते ऐका आणि तेवढंच शिकवा.

सूचना देताना

या भागावर मी जास्त थांबणार आहे, कारण उत्तम आखलेले तास सूचनांपाशी कोसळतात.

समजा चित्रांतले फरक शोधायचा खेळ घ्यायचा आहे. दोघांकडे जवळजवळ सारखी दोन चित्रं, एकमेकांना न दाखवता प्रश्न विचारून पाच फरक शोधायचे. नवा शिक्षक कागद वाटत वाटतच बोलायला लागतो: ‘ओके, सो व्हॉट आय वुड लाइक यू टू डू नाऊ इज, यू आर गोइंग टू गेट अ पिक्चर, अँड युअर पार्टनर विल ऑल्सो हॅव अ पिक्चर, बट...’ वर्गाचं लक्ष कागदाकडे असतं, वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरलेली असते, आणि अर्ध्या मिनिटात सगळे एकमेकांची चित्रं शेजारी शेजारी ठेवून फरकांवर गोल करत बसतात. एक शब्दही बोलला जात नाही.

हेच असं करा. कागद हातातच ठेवा. वर्ग शांत होऊन तुमच्याकडे पाहेपर्यंत थांबा. जोड्या आधी लावा. मग चार छोटी आज्ञार्थी वाक्यं, प्रत्येकानंतर क्षणभर थांबून: ‘वर्क इन पेअर्स. डोन्ट शो युअर पिक्चर. आस्क क्वेश्चन्स. फाइंड फाइव्ह डिफरन्सेस.’ त्यानंतर एका विद्यार्थ्याला पुढे बोलवा, एक चित्र त्याला द्या, दुसरं तुम्ही छातीशी धरा आणि एक प्रश्न विचारून दाखवा: ‘इज देअर अ डॉग इन युअर पिक्चर?’ हे पाहिलेलं सूचनेपेक्षा जास्त पोचतं. मग तपासा. ‘कळलं का?’ असं विचारू नका. त्याला वर्ग नेहमी ‘हो’च म्हणतो, न कळलेलाही म्हणतो आणि कळल्याचा चुकीचा समज झालेलाही म्हणतो. त्याऐवजी विचारा: ‘आर यू वर्किंग अलोन? कॅन यू शो युअर पिक्चर? हाऊ मेनी डिफरन्सेस?’ तिन्हींची उत्तरं बरोबर आली की कागद वाटा.

पुढचं अर्धं मिनिट काही बोलू नका. फक्त फिरा आणि प्रत्येक जोडीने बरोबर सुरुवात केली आहे ना ते पाहा. जिथे चुकीची सुरुवात झाली असेल तिथे हळूच खाली वाकून सांगा. एका जोडीसाठी सगळ्या वर्गाला थांबवलंत की सगळ्यांचीच लय तुटते.

सूचना घरी शब्दशः लिहून काढा. हे फार प्राथमिक वाटेल, पण खालच्या पातळीच्या वर्गासाठी सोपं बोलणं ही वेगळी कला आहे आणि ती उत्स्फूर्तपणे येत नाही. वाक्य सोपं करताना तोडकंमोडकं करू नका. ‘यू गो, सिट देअर, स्पीक हिम’ असं इंग्रजी शिक्षकाने बोलू नये. विद्यार्थी तेच उचलतात.

नवा अर्थ पोचवताना

‘यूज्ड टू’ ही रचना घेऊ. एका माणसाची दोन चित्रं फळ्यावर: जुन्या चित्रात हातात सिगरेट, आजच्या चित्रात पळण्याचे बूट. चित्रांतून वर्गाकडून गोष्ट काढून घ्या आणि मग वाक्य म्हणा: ‘ही यूज्ड टू स्मोक.’ आता अर्थ तपासणारे प्रश्न. ‘डझ ही स्मोक नाऊ?’ नाही. ‘डिड ही स्मोक बिफोर?’ हो. ‘वन्स, ऑर मेनी टाइम्स?’ पुष्कळदा. या तीन प्रश्नांत पूर्ण अर्थ आला: आधी होतं, वारंवार होतं, आता नाही.

यातला पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पुष्कळ विद्यार्थी ‘यूज्ड टू’ म्हणजे ‘सवय असणे’ एवढंच धरतात आणि आजच्या सवयीबद्दल ‘आय यूज टू गेट अप ॲट सिक्स’ असं बोलू लागतात. ‘आता’चा प्रश्न विचारला की हा गैरसमज तिथेच पकडला जातो. प्रश्न तयार करताना एक पथ्य पाळा: जी रचना शिकवताय ती प्रश्नात येऊ देऊ नका. ‘डिड ही यूज टू स्मोक?’ विचारून काहीच तपासलं जात नाही, कारण ते ज्याला कळेल त्याला शिकवायची गरजच नाही. प्रश्नांची भाषा शिकवायच्या भाषेपेक्षा सोपी हवी आणि उत्तर एक-दोन शब्दांत देता यायला हवं.

अर्थ पक्का झाला की उच्चार, आणि लेखन त्यानंतर. हा क्रम पाळा. इंग्रजीची अक्षरं २६ आणि ध्वनी सुमारे ४४, त्यामुळे स्पेलिंग आधी दिसलं की विद्यार्थी आपल्या भाषेच्या सवयीने प्रत्येक अक्षर वाचतात. भूतकाळी क्रियापदांचं पाहा: ‘वॉक्ट’, ‘प्लेड’, ‘वॉन्टिड’ असे शेवटाचे तीन वेगळे उच्चार असतात, पण लेखनात तिन्हीकडे तीच दोन अक्षरं. आधी पाहिलं की ‘वॉकेड’ तोंडात बसतं आणि मग ते काढायला कितीतरी जास्त वेळ जातो.

वाक्य सगळ्यांकडून एकत्र म्हणवून घ्या, मग एकेकाकडून. एकत्र म्हणताना बुजरा विद्यार्थी गर्दीत सुरक्षित असतो. एकेकट्याने म्हणताना तुम्हाला खरं ऐकू येतं. वाक्य लांब असेल तर शेवटाकडून बांधत या. ‘यू शुड हॅव टोल्ड मी’ घ्यायचं असेल तर आधी ‘टोल्ड मी’, मग ‘हॅव टोल्ड मी’, मग ‘शुड हॅव टोल्ड मी’ आणि शेवटी पूर्ण वाक्य. शेवटाकडून आल्याने वाक्याचा चढउतार मोडत नाही. ‘शुड हॅव’ एकत्र येऊन ‘शुडव्ह’सारखं ऐकू येतं, हेही इथेच सांगा. विद्यार्थ्याला स्वतः तसं बोलता आलं नाही तरी चालेल, पण ऐकताना ते ओळखता आलं पाहिजे.

उच्चारात किती ताणायचं याबद्दल जेनिफर जेनकिन्स यांचं २००० मधलं काम मार्गदर्शक आहे. इंग्रजी मातृभाषा नसलेली माणसं एकमेकांशी बोलतात तेव्हा नेमकं कशामुळे कळेनासं होतं, ते त्यांनी तपासलं. ‘थिंक’ आणि ‘दिस’ मधले खास इंग्रजी ध्वनी नीट आले नाहीत म्हणून सहसा काही अडत नाही. ऱ्हस्व-दीर्घ स्वरांतला फरक, शब्दाच्या सुरुवातीची जोडव्यंजनं आणि वाक्यातल्या कोणत्या शब्दावर जोर येतो, यांवाचून मात्र अडतं. मेहनत तिथे घ्या.

वर्गाला बोलतं करताना

प्रश्न विचारल्यावर थांबा. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांचा अभ्यास करून दाखवलं, की शिक्षक उत्तरासाठी सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि हा वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला की उत्तरं लांबतात आणि जास्त विद्यार्थी बोलतात. परक्या भाषेत तर विद्यार्थ्याला आधी प्रश्न उलगडायचा असतो, मग उत्तर शोधायचं आणि मग वाक्य जुळवायचं. मनात पाच अंक मोजा. प्रश्न आधी, नाव नंतर. नाव आधी घेतलंत की बाकीचे विचार करणं सोडून देतात.

तेवढ्यानेही वर्ग गप्पच राहिला तर प्रश्न बदलू नका, वाट बदला. एक मिनिट प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा, हवं तर दोन शब्द लिहायचे, मग जोडीदाराला सांगायचं, मग वर्गाला. फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली ही पद्धत इतकी साधी आहे की तिची किंमत कळायला वेळ लागतो. विद्यार्थी वर्गासमोर बोलतो तेव्हा ते वाक्य त्याने एकदा तोंडातून काढलेलं असतं.

बोलण्याला कारणही लागतं. ‘प्रदूषणावर चर्चा करा’ असं सांगितलं की दोन मिनिटांत शांतता होते, कारण कोणाला कोणाकडून काही हवं नसतं. एकाकडे गाडीचं वेळापत्रक आणि दुसऱ्याकडे भेटींची वही द्या, आणि दोघांनी मिळून भेटीची वेळ ठरवायला सांगा. आता विचारल्याशिवाय काम होत नाही आणि ऐकल्याशिवायही होत नाही. चर्चाच घ्यायची तर शेवटी निर्णय मागा: या सहा उमेदवारांपैकी नोकरी कोणाला, यादीतल्या दहा वस्तूंपैकी कोणत्या तीन बरोबर न्यायच्या.

विद्यार्थ्याचं प्रत्येक उत्तर मोठ्याने परत म्हणायची सवय लागू देऊ नका. ती फार लवकर लागते. तुम्ही परत म्हणणारच आहात हे कळलं की विद्यार्थी एकमेकांचं ऐकत नाहीत आणि बोलणारा हळू बोलू लागतो. ऐकू आलं नाही तर त्याला सांगा, ‘से इट टू हर’, आणि वर्गाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या मुलीकडे हात करा.

मातृभाषेचं काय? एखादा अमूर्त शब्द दहा सेकंदांत मातृभाषेतून कळत असेल तर पाच मिनिटं हातवारे करण्यात अर्थ नाही. नवशिक्या वर्गाला सूचना कळली की नाही हे त्यांच्या भाषेत सांगायला लावणं हीसुद्धा चांगली तपासणी आहे. घातक आहे ते वाक्यागणिक भाषांतर. एकदा कळलं की इंग्रजीमागे मातृभाषेतून वाक्य येणारच आहे, की इंग्रजी वाक्य चालू असताना वर्ग वाट पाहत बसतो.

चुका कधी आणि कशा दुरुस्त करायच्या

पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये मांडलं, की चुका म्हणजे विद्यार्थी आपल्या मनात भाषेची जी व्यवस्था रचतोय तिचा पुरावा आहेत. ‘वेन्ट’च्या जागी ‘गो’ला ‘ईडी’ लावून ‘शी गोड’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला भूतकाळाचा नियम कळला आहे. अपवाद कळायचा आहे. या नजरेने ऐकलंत की चुकीचा राग येत नाही, तिचा उपयोग होतो.

काही चुका जायला वेळच लागतो. ‘ही वर्क्स’ मधला शेवटचा ‘स’ पुस्तकात पहिल्या काही धड्यांतच येतो, पण बोलण्यात तो फार उशिरा स्थिरावतो. इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलांतही तो उशिरा येणाऱ्या प्रत्ययांपैकी आहे, हे रॉजर ब्राउन यांच्या १९७३ मधल्या अभ्यासातून दिसलं. दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यांतही त्याच दशकात तसंच आढळलं. वर्षभर शिकूनही विद्यार्थी ‘ही वर्क’ म्हणत असेल तर शिकवणं फुकट गेलं असं समजू नका. आठवण देत राहा, पण त्या ‘स’साठी दरवेळी त्याचं बोलणं तोडू नका.

दुरुस्ती कधी करायची हे त्या वेळी चाललेल्या कामावर ठरतं. नव्या रचनेचा बांधलेला सराव चालू असेल तर लगेच, कारण तिथे अचूकपणाच हवा आहे. मोकळं बोलणं चालू असेल तर बोलू द्या, टिपून ठेवा.

लगेच दुरुस्त करतानाही उत्तर देऊन टाकू नका. विद्यार्थी ‘यस्टरडे आय गो टू द लायब्ररी’ म्हणाला, तर ‘यस्टरडे आय...’ असं म्हणून थांबा आणि त्याच्याकडे पाहा. किंवा वाक्यातला एकेक शब्द एकेका बोटावर मोजा आणि चुकलेल्या शब्दाचं बोट धरून ठेवा. बहुतेक वेळा तो स्वतःच सुधारतो. चुकीचं वाक्य आपण बरोबर करून सहज परत म्हणणं, हा शिक्षकांचा सगळ्यात आवडता मार्ग. रॉय लिस्टर आणि लैला रांता यांनी १९९७ मध्ये कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास केला, तेव्हा अर्ध्याहून जास्त दुरुस्त्या याच प्रकारच्या निघाल्या. आणि विद्यार्थ्याने स्वतः वाक्य सुधारण्याचं प्रमाण त्यांतच सर्वांत कमी होतं. शिक्षक आपल्याशी सहमत आहे, एवढंच विद्यार्थ्याला वाटून जातं.

मोकळ्या बोलण्यानंतरची दुरुस्ती कशी दिसते ते पाहा. जोड्या बोलत असताना तुम्ही फिरून टिपलेली वाक्यं शेवटच्या सात-आठ मिनिटांत फळ्यावर येतात, नावं न लिहिता:

‘आय ॲम अग्री विथ यू.’
‘शी डिडन्ट केम.’
‘लास्ट इयर आय हॅव गॉन देअर.’
‘इट टुक मी एजेस टू गेट यूज्ड टू इट.’
‘कॅन यू एक्स्प्लेन मी द रूल?’

यांतलं एक वाक्य बिनचूक आणि फार छान आहे. ते मुद्दाम घालायचं. जोड्यांनी कोणतं वाक्य बरोबर ते ओळखायचं आणि बाकीची सुधारायची. ज्याचं वाक्य आहे तो ते मनातल्या मनात ओळखतो, त्याला अवघडल्यासारखं होत नाही. आणि चांगलं वाक्य ज्याने म्हटलं त्याला ते फळ्यावर पाहून जो आनंद होतो तो कोणत्याही शाबासकीहून मोठा असतो. पाच वाक्यं पुरेत. पंधरा लिहिलीत तर एकही लक्षात राहणार नाही.

लेखी कामाचंही तसंच. सगळं लाल करून परत दिलेली वही कोणी वाचत नाही. या वेळी काळ आणि शब्दक्रम एवढंच तपासणार, असं आधी सांगा. चुकीखाली रेघ मारा, समासात ‘का’ किंवा ‘क्र’ अशी खूण करा आणि सुधारणा त्यांना करू द्या.

ऐकवताना आणि वाचून घेताना

ध्वनिफीत लावण्याआधी विषय सांगा आणि जे दोन-तीन शब्द न कळल्यास सगळंच अडेल तेवढेच द्या. पहिल्या ऐकण्याला एकच मोठा प्रश्न: कोण बोलतंय, कशाबद्दल? तो ऐकण्याआधी द्यायचा, नंतर नाही. दुसऱ्या ऐकण्याला तपशील. उत्तरं तुम्ही सांगण्याआधी जोडीत ताडून पाहू द्या आणि त्या वेळी कान टवकारा: जिथे मतभेद होतायत तीच जागा अवघड आहे. तेवढाच तुकडा पुन्हा लावा आणि काय ऐकू आलं ते लिहायला सांगा. बहुतेकदा शब्द ओळखीचेच निघतात, जोडून बोलल्यामुळे निसटलेले असतात. ‘डिड यू’ हे ‘डिजू’ झालेलं असतं. हे दाखवून दिलंत तरच ऐकणं शिकवलं, नाहीतर फक्त परीक्षा घेतली.

वाचन मनात होऊ द्या. एकेकाने उठून परिच्छेद मोठ्याने वाचायचा प्रकार समजून घेण्याच्या कामी येत नाही. वाचणारा उच्चारात गुंततो आणि बाकीचे आपली पाळी कधी ते मोजत बसतात. आनंदासाठी वाचायला पुस्तक निवडताना पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आकडा लक्षात ठेवा: कोणाच्या मदतीशिवाय सुखाने वाचायचं तर मजकुरातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत. म्हणजे शंभर शब्दांत अनोळखी दोनच. विद्यार्थ्याला वाटतं त्यापेक्षा हे पुस्तक बरंच सोपं निघतं, आणि ते तसंच असू द्या.

शब्द सुटे देऊ नका, जोडीने द्या: ‘डिसिजन’ नव्हे, ‘मेक अ डिसिजन’. आणि ते परत परत समोर आणा. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवलं होतं, की शिकलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरलं जातं. वर्गात एक खोका ठेवा, प्रत्येक तासाचे शब्द चिठ्ठ्यांवर लिहून त्यात टाका आणि पुढच्या तासाची पहिली पाच मिनिटं त्यातल्या दहा चिठ्ठ्यांवर घालवा: एकाने समजावायचं, दुसऱ्याने ओळखायचं.

गोंगाट आणि मागेपुढे असलेले विद्यार्थी

जोड्यांच्या कामात आवाज होणारच. तो इंग्रजीतला असेल तर काळजी नको. मातृभाषेतला वाढला तर काम फार अवघड आहे किंवा संपलं आहे, एवढाच त्याचा अर्थ. रागावण्याआधी यांतलं कोणतं ते पाहा. लवकर संपवणाऱ्यांसाठी एक जादा प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात आधीच लिहून ठेवा. पातळ्यांत फरक असेल तर मजकूर एकच ठेवा आणि काम वेगळं द्या: कोणी पर्यायांतून निवडेल, कोणी स्वतःच्या शब्दांत लिहील. दर आठवड्याला जोड्या बदला, नाहीतर हुशार विद्यार्थी कायमचा बोलणारा होतो आणि दुसरा कायमचा मान डोलावणारा.

तास संपल्यावर

वर्गातून बाहेर पडल्यावर दहा मिनिटांत, विसरायच्या आत, टाचणाच्या मागच्या बाजूला तीन नोंदी करा: कोणत्या पायरीला ठरवल्यापेक्षा जास्त वेळ लागला, आज कोण अजिबात बोललं नाही, आणि कानावर आलेली दोन-तीन वाक्यं.

महिन्यातून एकदा आपल्याच तासाची दहा मिनिटं फोनवर ध्वनिमुद्रित करा, अर्थात वर्गाला सांगून. घरी ऐकताना फक्त आपल्या सूचना शब्दशः उतरवून काढा. किती शब्द वगळता आले असते ते कागदावर लगेच दिसतं. सहकाऱ्याच्या तासाला मागे बसायची संधी मिळाली तर शिक्षकाकडे पाहू नका, एकाच विद्यार्थ्यावर नजर ठेवा: तासाभरात त्याने इंग्रजीत किती वाक्यं बोलली, कधी लक्ष उडालं, कशाने परत आलं.

पुढे प्रशिक्षण घ्यायचं ठरवलंत तर अभ्यासक्रम निवडताना एकच गोष्ट आधी विचारा: प्रत्यक्ष विद्यार्थ्यांसमोर शिकवण्याचे तास किती, आणि ते पाहून कोणी बोलणार आहे का? केंब्रिजच्या सेल्टा प्रमाणपत्रात असे सहा तास असतात, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, आणि प्रत्येक तासानंतर त्यावर चर्चा होते. नुसता वाचून पूर्ण होणारा अभ्यासक्रम स्वस्त पडेल, पण वर्गात उभं राहायला त्याचा फारसा आधार होत नाही.

आणि पुढच्या तासाचं टाचण लिहायला बसाल तेव्हा पुस्तकातल्या पुढच्या पानाआधी त्या तीन नोंदी वाचा. गेल्या वेळी जो बोलला नाही त्याला पहिल्या जोडीकामात कोणाबरोबर बसवायचं ते ठरवा. कानावर आलेल्या वाक्यांपैकी एक फळ्यावर लिहून तास सुरू करा.